सावडीचा दिवस

रिहे खोरं, मुळशी
सप्टेंबर

प्रिय दादा,

फोनवर विषय निघाला की तुला रेंज नसते. दुकानात बसून पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारींची गाऱ्हाणी ऐकताना ती बरी असते, मी नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं की जाते. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच कापता येत नाही. बाजूला ठेवलंस तरी वहिनी मोठ्यानं वाचून दाखवील, तिला मी तसं बजावून ठेवलंय. तेव्हा निमूट ऐक. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या खोलीत तू हात जोडून जे ‘नाही’ म्हणालास, त्याचं उत्तर मी तिथल्या तिथं द्यायला हवं होतं. पण मी शब्द जुळवेपर्यंत तू लिफ्टकडे चालायलाही लागलास. ते उत्तर या पत्रात आहे, पण शेवटी आहे. आधी इकडची हकिकत ऐकावी लागेल, कारण ते मला इथंच, चिखलात उभी असताना सापडलं.

तुझं डायलिसिस कसं चाललंय हे विचारत नाही, तू ‘मस्त’ म्हणशील. वहिनी सांगते की परत आल्यावर तू भिंतीकडं तोंड करून पडून राहतोस, कोणाशी बोलत नाहीस, आणि संध्याकाळी तरीही मोटारीच्या वाइंडिंगच्या टेबलाशी जाऊन बसतोस. बस बापडा. पण पाणी मोजून पी आणि त्या चिंचेच्या गोळ्या चघळणं बंद कर. तुझ्या खिशात त्या असतात हे मला माहीत आहे.

आमचं कॉन्व्हेंटचं घर तू पाहिलं आहेस. उघडलं त्या दिवशी आला होतास आणि सगळा वेळ गच्चीवर उभा राहून, डोंगरापलीकडं ते अर्धवट बांधलेलं लवासा नेमकं कुठं, एवढंच विचारत होतास. रिह्याच्या पुढं, खोऱ्याच्या आतल्या अंगाला ही वाडी. आम्ही तिघी सिस्टर, मुलांची संध्याकाळची अभ्यासिका, बायकांचं बीपी तपासणं, कोणाचा अर्ज, कोणाचं भांडण. वाडीतली तरणी पोरं-पोरी सकाळच्या बसनं पिरंगुटला कारखान्यात जातात. त्यामुळं भातलावणीला माणसं कमी पडतात, आणि भात काही कोणाची सुट्टी मिळेपर्यंत थांबत नाही.

गेल्या वर्षी साळूबाईंच्या सुनेला सुट्टी मिळाली नाही. साळूबाई म्हणजे आमच्या शेजारच्या गेणबांची बायको, तोंडानं फटकळ आणि रोज सकाळी आमच्या दारात दूध ठेवून जाणारी. त्या एकट्या रोपांच्या मुठी वाहताना दिसल्या, आणि मी साडी खोचून भाताच्या खाचरात उतरले. तुला हसू येत असेल. त्यांनाही आलं. माझी ओळ अशी वाकडी गेली की गेणबा बांधावरून म्हणाले, “शिष्टरबाई, ही लावनी हाय का साप हाय?” पण मी चिकाटी सोडली नाही. पुढचे बरेच दिवस ज्याच्या त्याच्या खाचरात जात राहिले. कंबर मोडली, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, पण ओळ सरळ यायला लागली.

इथं सावड चालते. आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात तिचं नावही कोणी काढत नाही, म्हणून सांगते. आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं, परवा तिसऱ्याचं. मजुरी कोणी कोणाला देत नाही. ज्याचं खाचर असेल त्यानं त्या दिवशी सगळ्यांना आपल्या घरचं जेवू घालायचं, बस्स. लावणी संपल्यावर गेणबा आमच्या अंगणात आले, चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, “तुमचा दिस कवा धरायचा?” मला कळेना. मग उलगडलं, की मी इतक्यांच्या खाचरात राबले, तर आता त्या सगळ्यांनी माझ्या कामाला यायचं. मी हसले. म्हटलं, अहो बाबा, आम्हाला कुठलं आलंय खाचर, मी आपली सेवा म्हणून आले होते, मला काही नको. त्यांनी मान डोलवली आणि गेले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. प्रार्थनेत देवाचे आभारसुद्धा मानले, की माझ्या हातून निरपेक्ष सेवा घडली.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी साळूबाई आल्या, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. ते ओसरीत ठेवलं, “ही तुमची मजुरी,” म्हणाल्या आणि वळल्या. मी मागं धावले. तेव्हा त्यांनी मला रस्त्यातच उभं करून सुनावलं. “तुमी आमचं काम करनार, आन आमी तुमचं केलेलं तुमाला नको. मंग तुमी तरी मजूर, न्हाईतर आमी तरी भिकारी. आमी भिकारी न्हाई.” असं त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. दादा, मी तिथंच उभी राहिले. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं राबून वर हे ऐकायचं?

राग उतरायला वेळ लागला. मग मला नॉव्हिशिएटमधले, व्रतं घेण्याआधीच्या त्या शिकवणीतले, आमचे म्हातारे फादर आठवले, चर्चची सामाजिक शिकवण शिकवणारे. फळ्यावर खडूनं तीन मोठे शब्द लिहायचे: न्याय, ऐक्यभाव, मानवी प्रतिष्ठा. म्हणायचे, माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलाय, म्हणून प्रतिष्ठा ही कोणी कोणाला द्यायची वस्तूच नव्हे, ती असतेच, आपण ती मानायची. म्हणायचे, ऐक्यभाव म्हणजे कणव येणं नव्हे, आपण सगळे एकमेकांना बांधलेले आहोत हे ओळखून वागणं. त्या विषयात मी वर्गात पहिली आले होते. तू पेढे वाटले होतेस, विषय काय ते न विचारता. आणि इतकं शिकून मी काय केलं, तर देणारीच्या उंच पाटावर चढून बसले आणि खाली कोणाला हात पुरू दिला नाही. साळूबाईंना तो पाट बरोबर दिसला.

मी गाठोडं उचलून त्यांच्याकडं गेले. म्हटलं, चुकलं, मला सावडीत घ्या. त्या काही पटकन विरघळल्या नाहीत. आधी गाठोडं आत नेऊन ठेवलं, मग म्हणाल्या, तुमच्या मागची ताल पडलीय, ती घालू. आणि खरंच, आमच्या घरामागची ताल, म्हणजे मातीला आधार देणारा दगडी बांध, रचायला सगळे आले. मी त्यांना आपल्या आईच्या पद्धतीचे हुलग्याचे शेंगोळे करून घातले. शेंगोळ्यांच्या आकारावरून माझी लावणीपेक्षा जास्त टर उडाली, पण पातेलं पुसून निघालं. दुसऱ्या दिवशी दूध आलं.

आता चांगुणाचं सांगते. वाडीच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची दहा-बारा घरं आहेत, त्यांतली ती. तिची पोरगी तृप्ती आमच्या अभ्यासिकेत येते, यंदा आठवीत आहे, गणितात अशी की आमच्या सिस्टरांना घाम फोडते. चांगुणाला कितीतरी वर्षं हेलपाटे घालून वनहक्काची जमीन मिळाली, ओढ्याकाठी दोन खाचरं. पण गेल्या वर्षी ती पडीकच राहिली. कारण लावणीच्या दिवसांत चांगुणा आणि तिचा नवरा लोकांच्या खाचरात मजुरीला. मजुरी सोडली तर चूल पेटत नाही, आणि मजुरी संपेस्तोवर स्वतःची रोपं जून होऊन पिवळी पडलेली. घरात भात नाही म्हणून दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलं, पोरगी बरोबर. तिचे तीन महिने बुडाले. यंदाही खाचर पडीक राहिलं असतं तर पुन्हा भट्टी, आणि तिच्या बापानं सांगूनच टाकलं होतं, की या खेपेला गेलो की शाळेचं नाव काढायचं नाही. तृप्तीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिनं माझ्याकडून उसनी घेतलेली कंपासपेटी परत आणून दिली. रडली असती तर बरं झालं असतं.

मी चांगुणाला विचारलं, सावडीत का जात नाहीस? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तू, मी मोटारीला तेल कुठं घालतात असं विचारल्यावर पाहिलं होतंस. “आमी मजुरीची मान्सं,” म्हणाली. तिला कोणी मनाई केली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं वाडीतलं प्रत्येक खाचर लावलंय, पण एकही घर तिच्या कामाला येणं लागत नाही. तिचा हात मजुरीचा आणि साळूबाईंचा हात सावडीचा, चिखल मात्र एकच. न्यायानं जे ज्याचं आहे ते त्याला दान म्हणून देऊ नये, असंही ते फादर सांगायचे. ते वाक्य परीक्षेत मी अधोरेखित केलं होतं. त्याचा अर्थ आता कळत होता.

यंदा मी सावडीत रीतसर होते. प्रत्येकाच्या खाचरात जात होते, आणि माझा दिवस कधी धरायचा हे विचारायला गेणबा आले तेव्हा सांगितलं, धरा, माझ्या दिवशी चांगुणाची खाचरं लावायची. गेणबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. दिवस माझा, मी तो कुठंही खर्च करावा, हे त्यांना नाकारता येईना. पण अडचण कामाची नव्हतीच, जेवणाची होती. ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. कातकऱ्याच्या घरी वाडी जेवणार का, हे कोणी मोठ्यानं विचारलं नाही, पण देवळापाशी बसलेल्यांच्या तोंडावर तेच होतं. मी शहाणपणा केला. म्हटलं, जेवण आमच्याकडून येईल, मी शेंगोळे करीन. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मी ही आनंदाची बातमी घेऊन चांगुणाकडं गेले, तर ती बाई चुलीपुढून उठलीच नाही. “जेवान माज्या घरचं,” म्हणाली. “न्हाईतर लावनी नको. पडीक ऱ्हाऊ द्या.”

मी तिला समजावलं, दादा. पोरीची शाळा, भट्टी, सगळं पुन्हा सांगितलं. जसं काही तिला ते माहीत नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. खाली उतरताना मी तिच्यावर मनातून चिडले होते, आणि निम्म्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, की मी मागच्या वर्षीचाच उंच पाट परत काढला होता, या खेपेला तिच्यासाठी. तिला भात मिळवून देत होते आणि यजमानीण होण्याचा तिचा मान तेवढा काढून घेत होते. मी गेणबांना जाऊन सांगितलं, जेवण चांगुणाचं. ज्यांना यायचं ते येतील.

त्या दिवशी सकाळी मी बांधावर उभी राहून वाट बघत होते. आधी नुसती चांगुणाच्या वस्तीतली माणसं. मग प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतलेल्या साळूबाई ओढा ओलांडून येताना दिसल्या, त्यांच्यामागं त्यांची सून, तिनं कारखान्यातून रजा काढली होती. मग गेणबा बैल घेऊन. मग आणखी काही. सगळी वाडी नव्हती, पण दोन खाचरांना पुरून उरेल एवढी होती. चिखलणी झाली, लावणी सुरू झाली, बायकांनी गाणी म्हटली, आणि दुपार जवळ आली तशी ती गाणी कमी होत गेली.

पंगत चांगुणाच्या अंगणात बसली. तिनं ओढ्यातले खेकडे धरून कालवण केलं होतं. काय सांगू तुला, वास आधी आला, पातेलं मागून आलं. मावळातल्या माणसाला पावसाळी खेकड्यापुढं मन घट्ट करणं जड जातं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी दोन बायका आपल्या भाकरी सोडून आंब्याखाली वेगळ्या बसल्या, आणि बाकीचे गेणबांकडं बघत राहिले. गेणबा माळकरी. त्यांना खेकडा चालत नाही. त्यांनी नुसता गळ्यातल्या माळेला हात लावला असता तरी कोणाचा अपमान न होता ते उठू शकले असते, आणि त्यांच्यामागून निम्मी पंगत उठली असती. चांगुणा आत गेली आणि एक नवीकोरी मातीची लोटकी घेऊन आली. त्यात भारंगीची भाजी होती, वेगळ्या चुलीवर केलेली. “बाबा, ह्यात वशाट न्हाई. भांडं बी नवंच हाय,” एवढंच म्हणाली आणि त्यांच्यापुढं ठेवून उभी राहिली.

गेणबांनी भाकरी मोडली. खाल्ली. जरा वेळानं वर न बघताच म्हणाले, “भाजी वाढ की. हात का आकडला?” आणि मग जो गलका झाला, कालवणासाठी जी झोंबाझोंबी झाली, ती तू बघायला हवी होतीस. साळूबाईंनी खेकड्याची नांगी फोडता फोडता तिखट कमी पडल्याची तक्रार केली, आणि चांगुणानं त्यांना तिथल्या तिथं उत्तर दिलं. इतक्या वर्षांत तिनं साळूबाईंना उलट उत्तर दिलेलं कोणी ऐकलं नव्हतं. आंब्याखालच्या दोघी तशाच बसून राहिल्या. त्यांचंही कधीतरी होईल, नाही झालं तर आपण काही थांबून राहात नाही. उठताना गेणबा हात धुऊन म्हणाले, “चांगुने, परवा माझ्या वरच्या खाचराला ये. मजुरीला न्हवं.” ती हो म्हणाली नाही, पदरानं तोंड पुसत राहिली. पण तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि साळूबाईंच्या घरी ओटीवर बसून सगळ्यांबरोबर जेवली.

आता तिचं भात पोटरीला आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आहेत. कापणीही सावडीनंच होणार. यंदा भट्टीवर जायचं नाही असं तृप्तीच्या बापानं माझ्यासमोर सांगितलं. कंपासपेटी पुन्हा तिच्या दप्तरात गेली आहे.

दादा, आता तुझं. अण्णा गेले, घरची कमाई थांबली, तेव्हा तू दहावी सोडून वाइंडिंगच्या टेबलाशी बसलास, कारण मला बोर्डिंगात ठेवायचं होतं. माझ्या नर्सिंगच्या फीपासून ते व्रतग्रहणाच्या दिवसाच्या पांढऱ्या साडीपर्यंत सगळं तू केलंस, आणि कधी काही घेतलं नाहीस. कोणाकडूनच नाही. ती वस्तीवरची म्हातारी आठवते? तिची मोटार तू फुकट बांधून दिलीस, आणि ती ओंजळभर पेरू घेऊन आली, तर तू ते परत पाठवलेस. मी तेव्हा लहान होते, मला तुझा अभिमान वाटला. आज मला ती म्हातारी आठवते, पेरू तसेच पदरात घेऊन घरी चालत गेलेली. तुझ्यासारखा चांगला माणूस मी पाहिला नाही, पण तुझ्या सावडीत आजवर कोणाला जागा नाही.

माझी किडनी तुला जुळते आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि तू हात जोडून म्हणालास, “देवाला दिलेल्या माणसाकडून मी काही घेणार नाही.” माझं उत्तर ऐक. देवानं मला जवळ ठेवून घेतलं नाही, त्यानं मला माणसांत पाठवलं, आणि त्या माणसांत पहिला तू आहेस. आमच्या मदर सुपीरियरची परवानगी मिळाली आहे, माझ्या जागी कापणीला दुसऱ्या सिस्टर उतरणार आहेत, आणि साळूबाईंनी माझ्यासाठी डिंकाचे लाडू आतापासूनच करायला घेतलेत. मी तुझे उपकार फेडत नाही, ते फिटणारे नाहीत आणि फेडायचेही नाहीत. तू माझं खाचर लावलंस, आता मला तुझ्यात उतरू दे, एवढंच मागते. नाही म्हणालास तर मी तुझी बहीण राहणार नाही, तुझ्या दयेवर वाढलेली एक पोर राहीन, आणि ते मला सोसणार नाही. रविवारची मिस्सा झाली की निघते. वहिनीला सांग, ज्या घरी काम, त्या घरचंच जेवण असतं. मी येईन त्या दिवशी तू स्वतः मला वाढ.

तुझ्या सावडीतली, तुझीच,
मोनिका